घर पावसाळ्यात दाखवा

गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एका मित्राने मला एक यादी पाठवली. त्याला वाकडचा टू बीएचके विकून मोठं घर घ्यायचंय. यादीचं नाव 'घर विकण्याआधी करायच्या पंधरा गोष्टी'. कुठल्यातरी अमेरिकन लेखाचं कुणीतरी घाईघाईत केलेलं भाषांतर असावं. गिऱ्हाईक यायच्या आधी ओव्हनमध्ये केक लावा, म्हणजे घरभर छान वास सुटेल. देवघर आणि घरच्यांचे फोटो आत ठेवा. पांढऱ्या चादरी घाला. काचेच्या भांड्यात पिवळी लिंबं ठेवा (खायची नाहीत, ठेवायची!). भिंतीला ओल असेल तर तिच्यापुढे एक उंच कुंडी ठेवा.

या शेवटच्या मुद्द्याशी मी थांबलो.

मित्राने खाली विचारलं होतं, "तू नुकतंच गावचं घर विकलंस ना? तुझ्याकडे अजून काही टिप्स?" मी लिहिलं, "एकच आहे. घर पावसाळ्यात दाखव." त्याने हसण्याचं चित्र पाठवलं. मी विनोद केला नव्हता. म्हणून हा शनिवार यावर.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर खाली प्रतिक्रियांमध्ये तेच येणार. घर स्वच्छ करून दाखवायला माझा विरोध नाही. जाळी काढा, माळ्यावरची रद्दी विका, गळका नळ दुरुस्त करा, ट्यूबलाईट बदला. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर आवरतोच. माझं भांडण आहे ते झाकण्याशी. आवरणं आणि झाकणं या दोन गोष्टी आहेत, आणि 'घर तयार करणं' या गोड नावाखाली दोन्ही एकाच बिलात येतात.

हा धंदा तसा जुना आहे. अमेरिकेत बार्ब श्वार्ट्झ नावाच्या बाईंना याचं श्रेय देतात, त्यांनी सिॲटलच्या परिसरात १९७२ च्या सुमारास घरं 'सजवून' विकायला सुरुवात केली. आपल्याकडे वेगळं नाव नव्हतं, पण काम होतंच. डिस्टेंपरचा एक हात, दारावर तोरण, आणि गिऱ्हाईक यायच्या वेळी मोटर लावून टाकी भरलेली.

आता माझी स्वतःची गोष्ट. यात मी हिरो नाही, हे आधीच सांगतो.

आमचं घर देगलूरला. नांदेड जिल्ह्याचं अगदी टोक. पलीकडे मदनूर लागलं की तेलंगणा सुरू. वारकरी मंडळींना धुंडा महाराज देगलूरकरांमुळे गावाचं नाव माहीत असतं, बाकीच्यांना हैदराबादच्या रस्त्यावरचा एक बसस्टँड म्हणून. घर आजोबांनी घेतलेलं. पुढे ढेलज, मग चौक, तीन बाजूंनी खोल्या, मागे परसात आड. दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती आणि वर माळवद.

ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी: सागवानी तुळया, त्यावर लाकडी फळ्यांचा थर, आणि त्यावर चांगली जाड माती. उन्हाळ्यात एसीची गरज नाही इतकं थंड. पण त्याला दरवर्षी हात लागतो. मृग लागायच्या आधी वर खारी माती पसरायची, दाबायची, पाणी कुठे साचतं ते बघून उतार नीट करायचा. वडील होते तोवर हे झालं. ते गेले, आई पुण्याला आली, बहीण हैदराबादला, आणि पुढची सहा वर्षं माळवदावर कुणी चढलंच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि सर्व्हर तसाच चालू राहिला. मागची खोली गळायला लागली. एका तुळईला वाळवी लागली. पश्चिमेच्या भिंतीला खालून तीन फूट लोणा चढला.

घर विकायचं ठरलं तेव्हा गावातला एक मध्यस्थ बघायला आला. माणूस हुशार. दहा मिनिटांत त्याने प्लॅन सांगितला. मागच्या खोलीत तुळयांच्या खाली पीओपीचं सीलिंग मारायचं, चार लाईट लावायचे. लोण्याची भिंत खरवडून पुट्टी आणि वर प्लॅस्टिक पेंट. "चाळीस हजार लावा साहेब, तीन लाख वर येतील. आन् दाखवायचं दिवाळीनंतर. पावसाळ्यात गिऱ्हाईक आणूच नका."

मी काय म्हटलं? हो म्हटलं. पुण्यात बसून मोबाईलवरून पंधरा हजार ॲडव्हान्स पाठवला. एक क्षणही वाईट वाटलं नाही. का वाटेल? पंधरा-सोळा वर्षं हेच करतोय की. क्लायंटसमोर डेमो असतो तेव्हा जे बटण चालत नाही ते आपण दाबत नाही. लॉगिन हार्डकोड करतो, डेटा गोड गोड भरतो, आणि म्हणतो, "उरलेलं पुढच्या फेजमध्ये." हे मी इतक्या वेळा केलंय की घराच्या बाबतीतही ते आपोआप झालं.

काम सुरू झालं त्या आठवड्यात मी आईला घेऊन गेलो. तिला सामान आवरायचं होतं. पेंटर भिंत खरवडत होता. आईने त्याला विचारलं, वाळली का भिंत? तो म्हणाला, वाळायची काय गरज, वरून पुट्टी बसतीय. आई माझ्याकडे वळली. "झाकायलास कामून रे? घर इकायचंय का लोकाला फसवायचंय?"

मी मार्केट, रेट, फर्स्ट इम्प्रेशन वगैरे सांगितलं. ती ऐकत होती. मग वर बोट करून म्हणाली, "त्या खोलीत लेकरं झोपतील कुणाची तरी. माती पडलेली त्यांना दिसायची कशी?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. माळवदाचं एक बरं असतं, ते आधी सांगतं. तुळई खचायला लागली की अंथरुणावर माती पडते. पावसात थेंब कुठून येतो ते कळतं. वाळवीचा भुसा खाली जमतो. म्हाताऱ्या बायका सकाळी झाडताना वर बघतात ते उगाच नाही. पीओपीचं सीलिंग ही सगळी सूचना बंद करतं. सॉफ्टवेअरवाल्यांनो, एरर येतेय म्हणून एरर लॉगच बंद करून टाकण्यासारखं आहे हे. फरक इतकाच की इथे सिस्टीम डोक्यावर पडते.

मराठवाड्यात ही काही कल्पनेतली भीती नाही. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची पहाट, चारला काही मिनिटं कमी. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं. सुमारे दहा हजार माणसं गेली. मी शाळेत होतो. आमच्याकडे फडताळातली भांडी वाजली आणि नंतर कितीतरी रात्री सगळी गल्ली अंगणात झोपत होती. नंतर इंजिनियर लोकांनी जे सांगितलं ते आज वाचलं तरी अंगावर येतं. भूकंप ६ च्या थोडा वरचा, म्हणजे जगात कुठे ना कुठे दरवर्षी होतात तसा. एवढी माणसं मेली ती घरांमुळे. जाड दगडी भिंती, आत बाहेर दोन पदर, मध्ये माती आणि दगडांची भर, आणि दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड नाही. वर टनावारी मातीचं माळवद. हादरा बसला तसे भिंतीचे पदर सुटले आणि वरचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. बाहेरून त्या भिंती भक्कमच दिसत होत्या. दोन फूट जाड भिंत बघून कुणाला शंका येणार?

मी काही असं म्हणत नाही की पुट्टी मारली म्हणून भूकंप येतो. पण भिंतीच्या आत काय आहे हे तिथे राहणाऱ्याला माहीत असणं आणि नसणं, यात जीवाचा फरक असू शकतो हे आमच्या भागाला कळून चुकलेलं आहे. ते माहीत असूनही मी पंधरा हजार पाठवले होते.

काम थांबवलं. पेंटरचा ॲडव्हान्स बुडाला. मध्यस्थ चिडला. चुलतभाऊ त्याहून जास्त चिडला, तो अजूनही नीट बोलत नाही.

आणि मग सामान आवरताना दुसरी गोष्ट निघाली. लोखंडी ट्रंकेत आजोबांचं खरेदीखत. निजामाच्या राज्यातलं, उर्दूत, तारीख फसली १३५१, म्हणजे आपलं १९४१-४२. घरात कुणालाच ते वाचता येत नव्हतं. मध्यस्थ म्हणाला, त्याची गरज नाही, नगरपालिकेचा उतारा आहे ना नावावर, बास. पण आता आईचा प्रश्न डोक्यात होता. गावातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून, चहा पिऊन, सावकाश वाचलं. चतुःसीमांच्या ओळीशी येऊन थांबले. "मग्रिबी दीवार मुश्तरका." पश्चिमेची भिंत सामाईक आहे. तीच लोण्याची भिंत! अर्धी आमची, अर्धी शेजाऱ्यांची. म्हणजे जी भिंत पांढरी करून 'आमची' म्हणून विकायला निघालो होतो, ती पूर्ण आमची नव्हतीच.

घर शेवटी आषाढात दाखवलं. जिल्हा परिषद शाळेतले एक गुरुजी, त्यांच्या बायको आणि वडील आले. बाहेर भुरभुर पाऊस. मागच्या खोलीत खाली पातेलं ठेवलेलं आणि त्यात टप टप. मी सगळं सांगितलं. कुठे गळतं, कुठली तुळई पोकळ आहे, भिंत सामाईक आहे, बोअरचं पाणी मे महिन्यात खाली जातं. सांगताना घशाला कोरड पडली होती, खोटं कशाला बोलू. प्रत्येक वाक्याला पन्नास हजार कमी होतायत असं वाटत होतं.

गुरुजींनी गळतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "ते आम्ही पाडणारच आहोत," म्हणाले. त्यांना मागचा भाग पाडून आरसीसीच्या दोन खोल्या घ्यायच्या होत्या, आणि कॉलम घ्यायचे होते नेमके पश्चिमेच्या भिंतीत! ते ऐकून म्हाताऱ्या वडिलांनी खरेदीखत दोनदा समजून घेतलं. त्यांनी शेजाऱ्यांशी बोलणं केलं, कॉलम आत घ्यायचं ठरवलं, खोल्या दीड फुटाने लहान झाल्या. आमची किंमत मध्यस्थाने सांगितली होती त्यापेक्षा दोन लाखांनी कमी आली.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायचीय. जे झाकायला मी पैसे मोजत होतो त्याच्याशी घेणाऱ्याला देणंघेणं नव्हतं, आणि ज्याच्याशी होतं ते मला माहीतच नव्हतं. घेणाऱ्याला काय महत्त्वाचं हे विकणाऱ्याने ठरवायचं नसतं. म्हणून सगळंच सांगायचं असतं.

आता नेहमीचे मुद्दे घेतो.

"घेणाऱ्याने बघून घ्यावं ना!" हा सगळ्यांचा आवडता. मंडळी, कायदा असं म्हणत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, कलम ५५. करारात वेगळं ठरलं नसेल तर विकणाऱ्याने मालमत्तेतला किंवा मालकी हक्कातला असा महत्त्वाचा दोष सांगितलाच पाहिजे, जो त्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही, आणि साधारण काळजी घेऊन त्याला तो सापडणारही नाही. आणि हे न सांगणं म्हणजे कपट, असं त्याच कलमात पुढे लिहिलंय. इंग्रजांच्या काळचा कायदा, पण वाचायला आजही चांगला आहे. आता गंमत बघा. ओल उघडी असेल तर 'दिसत होती की' असं म्हणता येतं. तुम्ही पुट्टी मारलीत की ती न सापडणारी झाली, आणि तुम्हाला माहीत होती याचा पुरावा म्हणजे पेंटरचं बिल!

"नवीन फ्लॅटवाले बिल्डर काय करतात मग?" बरोबर. २०१४ मध्ये मी पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा सॅम्पल फ्लॅट बघून हुरळलो होतो. ताबा मिळाल्यावर आमचा साधा सहा फुटी पलंग बेडरूममध्ये बसेना. नंतर कळलं, सॅम्पलमधला पलंगच आखूड होता आणि खोल्यांना दारं नव्हती, म्हणून ऐसपैस वाटत होतं. तेव्हा मी महिनाभर सगळ्यांना शिव्या घातल्या. आज रेरा आहे. २०१६ च्या या कायद्याच्या कलम १२ मध्ये जाहिरातीबरोबर नमुना सदनिकेचाही उल्लेख आहे, तिच्यावर विसंबून पैसे भरले आणि माहिती खोटी निघून नुकसान झालं तर भरपाई मागता येते. बांधकामातला दोष ताब्यापासून पाच वर्षांत निघाला तर बिल्डरने तो पदरच्या पैशाने दुरुस्त करायचा, हे कलम १४ मध्ये. पण हे सगळं बिल्डरला. तुम्ही-मी आपला जुना फ्लॅट विकतो तिथे रेरा नाही. तिथे फक्त आपण असतो. आणि बिल्डरला शिव्या घालणारे आपणच तिथे उंच कुंडी आणून ठेवतो.

"सगळेच करतात, आपण नाही केलं तर आपलंच नुकसान." हा मुद्दा खरा आहे, म्हणूनच धोकादायक आहे. जॉर्ज अकर्लॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला, पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. सोपं करून सांगतो. चांगली गाडी कुठली आणि खटारा कुठला हे घेणाऱ्याला ओळखता येत नसेल, तर तो सगळ्यांनाच खटाऱ्याच्या जवळपासचा भाव देतो. मग चांगली गाडी असलेला माणूस म्हणतो, या भावात मी विकतच नाही. तो बाजारातून बाहेर. उरतात खटारे. घरांचंही तेच होतं. नवीन रंग दिसला की हल्ली गिऱ्हाईक विचारतो, "काय झाकलंय?" ज्याने खरंच हौसेने रंग दिला तोही संशयात. झाकणारा फक्त एका घेणाऱ्याला फसवत नाही, पुढच्या प्रामाणिक विकणाऱ्याची किंमतही तोच खातो.

"अरे, पण दोन लाख गेले ना तुझे?" गेले. त्यातले निम्मे बहिणीचे होते, तिला आधी विचारलं, ती हो म्हणाली. पण मी ते 'गेले' असं धरत नाही. ते माझे कधीच नव्हते. तीन लाख वर येणार होते ते घराचे नव्हते, गुरुजींना माहीत नसण्याचे होते. कर्ज काढून घर घेणाऱ्या माणसाच्या अज्ञानाची किंमत खिशात घालायची आणि त्याला स्मार्ट सेलिंग म्हणायचं, हे मला तरी जमलं नाही. म्हणजे जमलं होतं, आईने अडवलं.

मग घर दाखवायची तयारी करायचीच नाही का? करायची. पण त्या पंधरा मुद्द्यांच्या जागी माझे पाच घ्या:

१. भिंत आधी वाळू द्या, ओल कुठून येते ते शोधा, मग रंग. जुनी मातीची भिंत असेल तर चुनाच द्या. चुन्यातून ओल बाहेर पडते, प्लॅस्टिक पेंटमध्ये ती कोंडते आणि वर्षभरात फुगे येतात.

२. कागद लावून ठेवा. खरेदीखत, कर पावत्या, नकाशा, वारसांच्या सह्या, फ्लॅट असेल तर सोसायटीचं ना हरकत पत्र. जुना कागद वाचता येत नसेल तर वाचून घ्या. आणि वडिलोपार्जित घर असेल तर बहिणींना सगळ्यात शेवटी नाही, सगळ्यात आधी विचारा.

३. एक पानभर लिहा: या घरात काय बिघडलंय. आपण प्रत्येक रिलीजबरोबर 'नोन इश्यूज'ची यादी देतो ना? तीच. घेणाऱ्याच्या हातात द्या, सही घ्या. तुमचीही झोप शांत.

४. देवघर आणि फोटो राहू द्या. इथे माणसं राहिली आहेत हे बघून कुणी पळून जात नाही.

५. पावसाळ्यात दाखवा. आणि घेणारे असाल तर पावसाळ्यात बघा. भिंतीचा खालचा एक फूट बघा. एकाच भिंतीला नवा रंग असेल तर का ते विचारा. शेजाऱ्यांना भेटा, मध्यस्थ सोबत नसताना. आणि सुंदर कुंडी दिसली तर ती सरकवा.

मित्राला हा सगळा लेख पाठवतोय. त्याच्या बेडरूमच्या कोपऱ्यात ओल आहे हे मला माहीत आहे, आम्ही तिथे बसून कितीतरी वेळा चहा प्यायलोय. तो काय करेल ते त्याचं तो बघेल.

परवा गुरुजींचा फोन आला होता. माळवद उतरवताना तुळया मोजल्या, वाळवीची एक नव्हती, तीन होत्या. दोन मलाही माहीत नव्हत्या. मी जरा घाबरतच म्हटलं, "गुरुजी, खरंच मला कल्पना नव्हती." ते म्हणाले, "माहीत आहे हो. असती तर सांगितलं असतंत."

असो. सोमवारी रिलीज आहे. डेमोमध्ये ते न चालणारं बटण यावेळी दाबायचं ठरवलंय. बघू, मॅनेजर काय म्हणतो ते :)